आधी पाय, मग पान

आधी रस्ता बघा. किती लांब आहे, किती रुंद, सपाट की चढउताराचा, वाटेत पाणी लागतं का, सावली कुठे मिळेल. मग ज्या घरात शिरायचंय त्याचं दार बघा. वाकून आत जावं लागेल की ताठ मानेने जाता येईल? आत वास कशाचा आहे, कोण बसलंय, कोण उभं आहे? आणि एक अट. नुसतं बघ्यासारखं कोपऱ्यात थांबायचं नाही. आत शिरलात की हातात काहीतरी काम घ्यायचं.

ही सूचना माझी नाही. १५२१ साली पॅम्प्लोनाच्या लढाईत पायावर तोफेचा गोळा बसून अंथरुणाला खिळलेल्या इग्नेशियस लोयोला नावाच्या शिपायाची आहे. येशूसंघाचा तो संस्थापक. आध्यात्मिक साधनेवरच्या त्याच्या छोट्या पुस्तकाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली, आणि तेव्हापासून जगभरचे जेझुइट ही साधना करतात. येशूच्या जन्माचं चिंतन करायचं तर नाझरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता असा पायाखाली घ्यायचा, जन्माची गुहा केवढी, किती ठेंगणी ते बघायचं आणि त्या कुटुंबाचा गडी होऊन तिथे राबायचं. काळाची भिंत ओलांडायला त्याला यंत्र लागलं नाही. पाच इंद्रियं पुरली.

आज आपल्याला बेथलेहेमला जायचं नाही, डहाणू आणि तलासरीला जायचंय. पण नियम तोच.

१७३९ चा जानेवारी. तुम्ही डहाणूच्या खाडीकाठी उभे आहात. ओहोटी आहे, चिखलाला खारा कुजका वास येतोय आणि एक मांगेला माणूस होडी वर ओढताना तुमच्याकडे बघतोय. हात लावा. होडी वर आली की किल्ल्याकडे बघा. वसई १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीजांना दिली, तेव्हापासून वसई, माहीम, तारापूर, डहाणू, दमण अशी किनाऱ्याची साखळीच त्यांनी ओवली. या किल्ल्यात दारूगोळा आणि क्रूस शेजारी शेजारी राहतात. आता चिमाजीअप्पांच्या फौजा उत्तरेकडे सरकल्यात. डहाणू पडेल. याच महिन्यात तारापूरही पडेल, आणि तिथे मराठ्यांचे सरदार बाजी भीवराव रेठरेकर कामी येतील. मे महिन्यात वसई पडली की दमण सोडून हा सारा डोलारा संपेल.

या मोहिमेत चर्चच्या घंटा काढल्या गेल्या आणि हत्तीवरून, गाड्यांवरून देशावर पोचल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला आजही त्या टांगलेल्या दिसतात. पोर्तुगालच्या राजाच्या राज्यात ओतलेली घंटा शंकरापुढे वाजते, आणि वाजताना तिचा आवाज जराही बदलत नाही. घंटा म्हणजे काही श्रद्धा नव्हे, एवढं तरी तिच्याकडून शिकता येतं. खुद्द वसईत किल्ला पडला, पाद्री गेले, पण सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती आपापल्या वाड्यांत राहिले. राजाचं छत्र गेल्यावरही त्यांची जपमाळ चालूच राहिली. किल्ल्याच्या भरवशावर जो धर्म उभा असतो तो किल्ल्याबरोबर पडतो. ज्याची मुळं चुलीपर्यंत गेलेली असतात त्याला किल्ला पडल्याचं फारसं कळतही नाही. इथे फार रेंगाळू नका. आपलं खरं काम पुढे आहे.

दीडशेहून अधिक वर्षं सोडून द्या आणि विसाव्या शतकाच्या तोंडाशी उतरा.

आता डहाणूला रेल्वे आहे. स्टेशन गावापासून बाजूला, म्हणून त्याचं नाव डहाणू रोड. फलाटाबाहेर गवताच्या गंजी आहेत, मुंबईच्या तबेल्यांना जाणाऱ्या. लाकडाचे ढीग आहेत. हवेत बोंबील वाळल्याचा वास, आणि जरा आत गेलात की ताडीचा. नुकताच छप्पन्नचा दुष्काळ होऊन गेलाय: विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००. गुजरातेत आणि आसपास माणसं रस्त्याच्या कडेला मेली, पोरं उघड्यावर पडली. ती पोरं मिशनऱ्यांनी उचलून वलसाडच्या आणि इतर ठिकाणच्या अनाथाश्रमांत नेली. त्यांतलीच काही मोठी होऊन या किनाऱ्यावरच्या मंडळीचा पाया झाली.

१९०२ मध्ये डहाणूला एक अमेरिकन जोडपं येतं. ॲडम एबी आणि त्यांची पत्नी ॲलिस. ते ज्या पंथाचे आहेत त्याला अमेरिकेत अजून जर्मन बॅप्टिस्ट ब्रदरन म्हणतात. १९०८ पासून त्याचं नाव चर्च ऑफ द ब्रदरन होईल. डहाणूकर एवढं लांबण लावत नाहीत. त्यांच्या लेखी हे ‘मिशन’, आणि बंगला तो मिशनचा बंगला.

या पंथाची कुंडली मजेशीर आहे. १७०८ मध्ये जर्मनीतल्या श्वार्झेनाऊ गावी आठ माणसं एडर नदीत उतरली आणि त्यांनी प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. त्या काळी हा गुन्हा होता. पुढे छळाला कंटाळून ही मंडळी अमेरिकेत गेली आणि शेती करू लागली. शपथ घ्यायची नाही, हत्यार उचलायचं नाही, कपडे साधे घालायचे, आणि येशूने जे करून दाखवलं ते नुसतं वाचायचं नाही, करायचं. बाप्तिस्मा पाण्यात गुडघे टेकून, तीनदा पुढे वाकून. आजाऱ्याला तेलाचा अभ्यंग करून प्रार्थना. आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशूने शेवटच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले, म्हणून आपणही एकमेकांचे पाय धुवायचे. प्रतीक म्हणून नव्हे. खरोखर, तांब्या-घंगाळ घेऊन.

किल्ल्यातल्या धर्मानंतर डहाणूत हा बिनहत्यारी धर्म आला. तोही इंग्रजांच्या राज्याच्या सावलीतच आला, हे विसरू नका.

आता ज्या संध्याकाळसाठी तुम्हाला इथवर आणलं, तिथे चला. साल १९२५ ते ३० च्या मधलं कुठलंही धरा. पावसाळा उलटलाय, भात कापून झालंय, रात्री गारवा येतो. पण त्या संध्याकाळीच एकदम पोचता येणार नाही. आधी दोन माणसं तुमच्या घरी येतील. ब्रदरन मंडळींची ही जुनी रीत आहे.

दुपारची वेळ. तुम्ही ओटीवर सुपारी कातरत बसला आहात. मंडळीचे दोन डीकन, म्हणजे सेवक, अंगणात येतात. एक शाळेतले मास्तर, दुसरा सुतार.

“सलाम, भाऊ.”

“सलाम. या, बसा. पाणी घ्या.”

पाणी पिऊन होतं. पावसाचं, तापाचं बोलणं होतं. हिवताप या भागात कुणाच्याच घरून जात नाही. मग मास्तर जरा घसा खाकरतात आणि तीन गोष्टी विचारतात. बाप्तिस्म्याच्या वेळी जो विश्वास पत्करलात त्यावर अजून उभे आहात ना? मंडळीतल्या सगळ्यांशी तुमचं सख्य आहे ना? आणि आपल्या सर्वांची पवित्रता वाढावी म्हणून पुढेही झटाल ना?

पहिल्याला तुम्ही लगेच हो म्हणता. तिसऱ्यालाही. मधल्यापाशी अडता. कारण मिशनच्या कंपाउंडरशी तुम्ही भात कापणीपासून बोललेला नाहीत. बांधावरचा एक शेवगा, त्याच्या शेंगा कुणाच्या, एवढंच कारण. सुतार तुमच्याकडे बघत नाही, अंगणातल्या कोंबड्यांकडे बघतो. पण उठतही नाही. ते दोघे जाईपर्यंत तुम्हाला कळून चुकतं की संध्याकाळी पंगतीला बसायचं तर आधी कंपाउंडरच्या दारात जाऊन यावं लागणार.

ख्रिस्ती जीवनात आत्म्याचं पोषण कसं करावं, यावर पुष्कळ पुस्तकं निघाली आहेत. पहाटे उठावं, वचन वाचावं, वही ठेवावी, मौन पाळावं. सगळं ठीकच आहे. पण दोन शेजारी दारात येऊन तुमचं कुणाशी वाकडं आहे का, हे तोंडावर विचारतात, ही व्यवस्था मला त्या सगळ्यांहून वरचढ वाटते. वहीशी खोटं बोलता येतं. ओटीवर बसलेल्या सुताराशी अवघड जातं.

तर जा कंपाउंडरकडे. शेंगांचा विषय काढू नका, तोही काढणार नाही. चहा घ्या आणि या.

संध्याकाळ. मिशनच्या आवारात चटया अंथरल्यात. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. मध्ये गॅसबत्तीचा फसफस आवाज आणि तिच्याभोवती चिलटं. हार्मोनियम आहे, डफ आहे, टाळ आहेत. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंग दिला. ते १९१९ मध्ये गेले, पण त्यांची पदं तोवर मराठी मिशनांतून सगळीकडे पोचली होती. अमेरिकन शेतकऱ्यांची मुलं मांडी घालून अभंगाच्या चालीत मान डोलावताना बघा. वलसाडला गुजराती शिकलेल्यांना इथे मराठी शिकावी लागली. उच्चार अजून तोंडात अडखळतात, पण ताल चुकत नाही.

गाणं थांबतं. बराच वेळ कुणी बोलत नाही. हा स्वतःला तपासण्याचा वेळ. कुठेतरी एक मूल रडतं, त्याला आई पदराखाली घेते. मग योहानाचा तेरावा अध्याय वाचला जातो आणि पितळी घंगाळं आत येतात, कोमट पाण्याची.

आपल्याकडे पाय धुणं हे नवं नाही. पाहुणा आला की पायावर पाणी. लग्नात सासरा जावयाचे पाय धुतो, शिष्य गुरूचे, भक्त संतांचे. पण हे पाणी नेहमी खालून वर वाहतं. मान ज्याचा, पाय त्याचे. या आवारात आज ते उलटं वाहणार आहे, आणि चटईवर बसलेल्या प्रत्येकाला ते पोटात कुठेतरी जाणवतंय. म्हणून जो तो आपले पाय जरा आखडून घेतोय. शुभवर्तमानातल्या पेत्रानेही तेच केलं होतं. धन्याने आपल्या पायाला हात लावावा, हे त्याला सोसवेना.

तुमच्या डाव्या हाताला बसलेले मास्तर उठतात, कमरेला पंचा बांधतात आणि तुमच्यापुढे गुडघे टेकतात. हेच ते, दुपारी प्रश्न विचारणारे. एक पाय, मग दुसरा. टाचांच्या भेगांवरून त्यांचा अंगठा फिरतो. पुसून झाल्यावर ते उठतात, तुम्हीही उठता, गळाभेट होते आणि पंचा तुमच्या हातात येतो. आता पाळी तुमची. उजवीकडे कोण बसलंय ते तुम्ही अजून नीट बघितलं नव्हतं.

वारली आहे तो. मिशनच्या बोर्डिंगात चार बुकं शिकलेला, आता बागेत कामाला. पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्यात, तिथली कातडी पांढरी पडून सोललीय. घोट्यावर कुऱ्हाडीचा जुना व्रण. त्याच्या बापाने लग्नासाठी शेठकडून पैसे घेतले होते, आणि त्या पैशापायी ते नवरा-बायको दोघं जन्मभर शेठकडे राबले. या भागात अशांना लग्नगडी म्हणतात. या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पायाकडे बघत बोलायची सवय करून घेतलीय. आता त्याचे पाय तुमच्या हातात आहेत आणि त्याला कुठे बघावं ते कळत नाही.

धुवा. घाई करू नका. बोटांच्या बेचक्यांत पाणी जाऊ द्या, मग नीट कोरडं करा. चिखल्यांना ओल चांगली नाही.

मग पंगत. पत्रावळीवर भात, आमटी, आज जरा मटणाचा रस्सा. या पंगतीत माच्छी आहे, दुबळा जमातीतला माणूस आहे, अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या वस्तीतून आलेलं कुटुंब आहे, छप्पन्नच्या दुष्काळात आईबाप आणि त्यांच्याबरोबर जातही हरवलेली एक विधवा आहे. बाहेरच्या डहाणूत ही माणसं एका विहिरीवर पाणी भरू शकत नाहीत. म्हणून पाय धुण्याइतकंच हे जेवण अवघड आहे, किंबहुना जास्त. पाय धुणं एका क्षणाचं असतं, जेवायला अर्धा तास लागतो, आणि तेवढ्या वेळात शेजारच्याच्या पानावर नजर जातेच. जेवणानंतर बेखमीर भाकरीची पट्टी हातोहात फिरते; प्रत्येक जण शेजाऱ्यासाठी तुकडा मोडतो. मनुकांचा रस फिरतो. या सगळ्याला प्रीतिभोजन म्हणतात. पाय, जेवण आणि प्रभुभोजन, तिन्ही मिळून एकच विधी, आणि क्रम असाच.

मी या संध्याकाळच्या प्रेमात आहे, हे तुम्हाला कळलंच असेल. म्हणून दुसऱ्या दिवशीची सकाळही दाखवतो. बंगल्याच्या व्हरांड्यात साहेब खुर्चीवर बसलेत. माळी, गाडीवान, स्वयंपाकी ओळीने उभे आहेत. काल ज्या हातांनी पाय धुतले तेच हात आज पगार वाटताहेत, आणि घेणाऱ्याची मान पुन्हा खाली आहे. एका रात्रीने व्यवस्था बदलत नाही. पण त्या माळ्याला एक गोष्ट ठाऊक झालीय जी त्याच्या बापाला कधी ठाऊक नव्हती, आणि ती साहेबालाही ठाऊक आहे. एवढी कुरबूर कुठल्याही व्यवस्थेच्या पायात खड्यासारखी राहते.

आवारातच दवाखाना आहे. १९१५ मध्ये भारतात आलेल्या डॉ. बार्बरा निकी यांनी डहाणूला वर्षानुवर्षं काम केलं. बाईची डॉक्टर बाई, ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट. पाड्यावरून अडलेली बाळंतीण डोलीतून आणलीय, भगत दोन दिवस झाडून थकलाय. तुम्ही काय करू शकता? कंदील धरा. हलवू नका. सकाळी इथे वॉर्डात प्रार्थना होईल, खाटांवरच्या बायका काही समजून, काही न समजून हात जोडतील. त्यांतल्या बहुतेकींना घरी गेल्यावर पालघाट देवी आणि हिरवा देवच पुजायचाय. वारल्यांमध्ये ब्रदरनांच्या मंडळ्या कधीच फार मोठ्या झाल्या नाहीत. कंदील धरणाऱ्याने ते मनाला लावून घेऊ नये.

मे १९४५. उन्हाने माळ करपलेत. तुम्हाला आता तलासरीच्या बाजूला, झरीला यायचंय. तेव्हा हा मुलूख उंबरगाव तालुक्यात होता; १९६० मध्ये उंबरगाव गुजरातेत गेलं आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली. २३ मे. हजारो वारली पायी येताहेत, लंगोटी आणि कोयता एवढ्यावर. शामराव आणि गोदावरी परुळेकर किसान सभेतर्फे इथे आलेत. वेठबिगार करायची नाही, बारा आणे रोजाशिवाय शेठच्या शेतावर जायचं नाही, असं ठरतंय. गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा सगळा लढा लिहिला. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार होईल आणि पाच जण जातील, त्यांत जेठ्या गांगड.

गर्दीत उभे राहा आणि एक प्रश्न मनात येऊ द्या, टाळू नका. येशूच्या नावाने पाय धुणारे इथून हाकेच्या अंतरावर चाळीसहून जास्त वर्षं होते. तरी ‘मी वेठीला जाणार नाही’ हे वाक्य वारल्याच्या तोंडात आलं ते किसान सभेच्या लाल बावट्याखाली. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ पुढे त्याच वारल्यांची मुलं अंगणवाडीत बसवणार होत्या, तेही चर्चशिवाय. मिशनने औषध दिलं, अक्षर दिलं, वर्षातून एकदा माणसाच्या पायाशी बसून दाखवलं. पण शेठच्या ओसरीवर जाऊन त्याला दोन शब्द सुनावणं हे मिशनच्या स्वभावात नव्हतं. हत्यार न उचलणाऱ्या पंथाची ही मर्यादा होती की बंगल्यात राहणाऱ्यांची, याचा निवाडा मी करून टाकलाय. तुम्ही झरीच्या माळावर उभं राहून तुमचा करा.

पुढचा टप्पा कॅथलिक आहे. तलासरीचं ज्ञानमाता सदन, येशूसंघाच्या धर्मगुरूंचं. शाळा, वसतिगृह, आणि पाड्यापाड्यांतून येणारी मुलं. साल साठच्या दशकाच्या सुरुवातीचं घ्या. दमणमधून पोर्तुगीज अगदी आत्ता, डिसेंबर १९६१ मध्ये गेलेत. शेजारच्या दादरा-नगर हवेलीतून १९५४ मध्येच गेले होते. म्हणजे ज्या सत्तेचा किल्ला तुम्ही १७३९ मध्ये पडताना पाहिला, तिच्या सरहद्दीचा दगड तलासरीहून परवापर्यंत हाकेवर होता.

मिस्सा लॅटिनमध्ये आहे. धर्मगुरूंची पाठ लोकांकडे, लोकांच्या हातात जपमाळ. तुमच्या शेजारचा मुलगा आठवीतला. त्याच्या घरी वारली बोली, शाळेत मराठी, देवाशी लॅटिन. मग ४ डिसेंबर १९६३ ला रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद उपासनेबद्दलचा दस्तऐवज मंजूर करते आणि त्यानंतरच्या वर्षांत धर्मगुरू लोकांकडे तोंड करतात, मिस्सा मराठीत होऊ लागते. त्या पहिल्या मराठी रविवारी मुद्दाम थांबा. म्हाताऱ्या बायकांना ते आवडलं असेलच असं नाही. गूढपणा गेला म्हणून हळहळणारे सगळीकडे असतात. पण मघाच्या त्या मुलाकडे बघा. इतकी वर्षं जे नुसतं ऐकू येत होतं ते त्याला आता कळतंय, आणि कळल्यामुळे तो पहिल्यांदा जरा घाबरलाय.

रात्री वसतिगृहात दिवे जाण्याआधी फादर मुलांना पाच मिनिटं गप्प बसवतात. ही इग्नेशियसचीच दुसरी शिकवण, दिवसाची झडती. आधी दिवसाबद्दल उपकार मानायचे. मग उजेड मागायचा, कारण स्वतःला अंधारात कुणी तपासू शकत नाही. मग सकाळपासून तासातासाने मागे फिरायचं: विहिरीवर काय झालं, वर्गात कुणाला काय बोललो, जेवताना कुणाची भाकरी लहान होती. चुकलं त्याची क्षमा आणि उद्या नेमकं काय करायचं त्याचा निश्चय. ‘चांगला वागेन’ हा निश्चय चालत नाही. ‘उद्या धाकट्याला आधी पाणी भरू देईन’ हा चालतो. डहाणूच्या ओटीवर दोन डीकन जे विचारायला येत होते, तेच इथे मुलाला स्वतःला विचारायचंय.

नाताळच्या आदल्या रात्री याच मुलाला गोठा करायला सांगितलंय. त्याने बेथलेहेम बघितलेलं नाही, म्हणून अडतही नाही. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर शेणमाती, पेंढ्याचं छप्पर. दार इतकं ठेंगणं की मेंढपाळांना वाकावं लागेल. सांजावल्यावर शेजारच्या पाड्यावर तारपा घुमायला लागतो; भात घरात आलंय, हे दिवस नाचाचेच. तो सूर खिडकीतून आत येतो आणि कुणी खिडकी लावत नाही. तारप्याला देवळात घ्यावं की नाही, त्याच्याबरोबर वारल्यांचा नारनदेवही आत येतो का, यावर शहाण्यांनी भरपूर खल केला आहे. खिडकी उघडी ठेवली होती, एवढं मी सांगेन. तुम्ही पेंढा आणून द्या. काम घ्यायची अट लक्षात आहे ना?

पुढचं झरझर बघा. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चांनी मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केली. भारतातली ब्रदरन मंडळी त्यांतली एक होती. आठ माणसांनी एडर नदीत सुरू केलेला पंथ अशा रीतीने बिशपवाल्या चर्चमध्ये विरघळला, निदान कागदोपत्री. १९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वसई धर्मप्रांत वेगळा झाला आणि डहाणू, तलासरी त्यात आल्या. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ आलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०२० मध्ये उस्मानाबादला ते मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. सोळाशेच्या सुमारास गोव्यात फादर स्टीफन्सनी ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत ओवीबद्ध केलं, त्याला चारशे वर्षं उलटल्यावर मराठीने एका पाद्र्याला अध्यक्षाच्या खुर्चीत बसवलं. उशीर झाला, पण झालं ते बरं झालं.

आणि पाय धुण्याचं? कॅथलिक चर्चमध्ये ते पवित्र गुरुवारच्या संध्याकाळी होतं, वर्षातून एकदा. बारा जण पुढे बसतात आणि धर्मगुरू वाकतात. इथे साखळी नाही. एक धुतो, बाकीचे बघतात. ब्रदरनांची रीत मला अधिक खरी वाटते, हे सांगितलंच पाहिजे. शिवाय त्या बारांत कितीतरी काळ फक्त पुरुष असायचे. जानेवारी २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला, आणि तेव्हापासून स्त्रिया, म्हातारे, आजारी, कुणीही तिथे बसू शकतं. शेतावर सगळ्यात जास्त चिखल बायकांच्याच पायांना लागतो. लावणी त्याच करतात.

तेव्हा यापुढे डहाणू-तलासरीला चिकू, समुद्र आणि वारली चित्रं बघायला जाल, तेव्हा एक खेप पवित्र गुरुवारची ठेवा. ख्रिस्ती असाल तर हे सांगायला नको. नसाल तरी मागच्या चटईवर बसायला कुणी हरकत घेत नाही. मिस्सा मराठीत असते. जाण्याआधी मात्र ज्याच्याशी तुमचं बोलणं बंद आहे त्याच्याकडे चहाला जाऊन या.